टेस्ट बेडवर इंजिन तापतंय? नागपूरच्या उन्हाळ्यात रेडिएटर मोठा करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या शेडमध्ये सेकंडहँड एडी करंट डायनो (इंजिनाच्या शाफ्टला चुंबकी ब्रेक लावून लोड देणारं आणि ताकद मोजणारं यंत्र) बसवलाय. ओव्हरहॉल केलेली १०० एचपीच्या आसपासची टर्बो डिझेल इंजिनं त्यावर तपासून द्यायची असतात. इंजिनाला त्याचाच मूळ रेडिएटर जोडलाय आणि समोर दोन मोठे फॅन उभे केलेत. डिसेंबर-जानेवारीत अर्धा तास फुल लोड दिला तरी पाण्याच्या तापमानाचा काटा ९० च्या वर गेला नाही. एप्रिल लागल्यापासून सातव्या-आठव्या मिनिटाला १०५ होतात आणि लोड काढावा लागतो. आता दुप्पट मोठा रेडिएटर घ्यावा की चिलर (फ्रिजसारखं कॉम्प्रेसरने पाणी गार करणारं यंत्र) बसवावा?

भाऊ, आत्ता दोन्हींवर पैसे घालू नका. मी वीस वर्षं टेस्ट बेडवर (इंजिन बसवून लोडखाली तपासायच्या मांडणीवर) काम करतोय, त्यातली बरीचशी नागपुरात गेली. दर उन्हाळ्यात हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतो. बहुतेक वेळा इंजिन ठीक असतं आणि रेडिएटरही ठीक असतो. अडचण असते ती उष्णता टाकायची कुठे याची.

गाडीत असताना हेच इंजिन अंगावर ताजी हवा घेत पळतं, आणि फुल लोड सलग अर्धा तास क्वचितच येतो. तुमच्या शेडमध्ये ते एका जागी उभं आहे, पूर्ण जोर लावून चाललंय आणि स्वतःच गरम केलेली हवा परत परत ओढतंय. हिवाळ्यात सकाळी बाहेर १५ अंश असतात. पाणी ९५ वर धरलं तर रेडिएटरला ८० अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात बाहेर ४५ असले की तोच फरक ५० वर येतो. रेडिएटर किती उष्णता फेकणार हे जवळपास या फरकाच्या प्रमाणात ठरतं. म्हणजे तोच रेडिएटर, तेच फॅन, आणि काम जेमतेम ६२ टक्के. त्यात पत्र्याची शेड आणि फिरून येणारी हवा. रेडिएटरच्या तोंडाशी हवा ५८ अंशांची झाली असेल तर उरतात फक्त ३७. हिवाळ्याच्या निम्म्याहूनही कमी.

तोंडाशी हवा किती अंशांची आहे हे अंदाजाने ठरवू नका. रेडिएटरच्या पुढ्यात, फॅनच्या बाजूला, एक साधा थर्मामीटर दोरीने बांधा आणि दुसरा शेडबाहेर सावलीत ठेवा. दोघांत पाच-सहा अंशांपेक्षा जास्त फरक दिसला तर हवा गोल फिरतेय असं समजा. उदबत्ती पेटवून रेडिएटरच्या कडेला धरली की धूर कुठून वळून पुढे येतो ते डोळ्यांनी दिसतं. मोकळे उभे केलेले फॅन इथे फार फसवतात. हवा सोपी वाट शोधते आणि जाळीतून जाण्याऐवजी कडेने निसटते. पत्र्याचा किंवा प्लायचा शंकू करून फॅनचं तोंड रेडिएटरला सील करा, आत येणारी हवा डक्टने बाहेरून आणा आणि गरम हवा दुसऱ्या बाजूने शेडबाहेर काढा. हे काम दोन दिवसांचं आहे आणि खर्चही फारसा नाही. कधीकधी एवढ्यानेच पाच-सात अंश उतरतात.

आता उष्णता किती आहे ते पाहू. इंधनाच्या ऊर्जेतला ढोबळ एक तृतीयांश भाग शाफ्टवर येतो, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून जातो आणि उरलेला पाणी, ऑइल व इंजिनच्या अंगावाटे निघतो. तुमचं इंजिन शाफ्टला ७५ किलोवॅट देतं. अशा टर्बो डिझेलमध्ये पाण्यात ५० किलोवॅटच्या आसपास उष्णता जाते. मी डिझाइनला ६० धरतो, कारण ऑइल कूलरची उष्णताही बहुधा त्याच पाण्यात येते. इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी, वेगळा. एवढ्या इंजिनाला तो साधारण १० किलोवॅट टाकतो, आणि तो रेडिएटरच्या पुढे असेल तर आधीच तापलेली हवा रेडिएटरला मिळते.

यात एक गोष्ट बरेच जण विसरतात. शाफ्टवरचे ७५ किलोवॅट कुठे जातात? एडी करंट डायनो ते सगळे उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता डायनोच्या पाण्यात उतरते. म्हणजे तुमच्या शेडमधला सगळ्यात मोठा हीटर इंजिन नव्हे, डायनो आहे. त्याचं पाणी तुम्ही कुठे सोडता हे प्रश्नात लिहिलेलं नाही. शेडमधल्याच उघड्या टाकीत फिरवत असाल तर ती टाकी दुपारभर शेड तापवते आणि तीच हवा रेडिएटर ओढतो. डायनोतून बाहेर पडणारं पाणी ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे आत क्षार झपाट्याने बसतात आणि लॉस प्लेट, म्हणजे डायनोतली उष्णता झेलणारी प्लेट, वाकायची भीती असते.

माझा सल्ला असा: नागपुरात उष्णता हवेत टाकू नका, पाण्यात टाका, आणि पाणी कूलिंग टॉवरवर (पाणी वरून शिंपडून, थोडं बाष्प होऊ देऊन गार करणाऱ्या मनोऱ्यावर) थंड करा.

यावर लोक लगेच म्हणतात, ४५ अंशांच्या उन्हात टॉवर काय थंड करणार? तर घरातला कूलर आठवा. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या की खोलीत अंगावर चादर घ्यावी लागते. पहिले दोन पाऊस झाले की तोच कूलर नुसती चिकचिक करतो. माठातलं पाणीही मे महिन्यात जास्त गार लागतं. पाण्याचं बाष्प होऊन थंडावा मिळतो तिथे हवेचं नुसतं तापमान फार चालत नाही, ओल्या थर्मामीटरचं तापमान चालतं. म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिल्यावर तो दाखवतो ते. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ते साधारण २४ येतं. जुलैत हवा ३२ आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २९ च्या जवळ. चांगला टॉवर पाणी या आकड्याच्या चार-पाच अंश वरपर्यंत आणतो. म्हणजे मे महिन्यात तुम्हाला २८-२९ अंशांचं पाणी मिळेल आणि जुलैत ३३-३४ चं. नागपूरच्या टॉवरची परीक्षा मे महिन्यात नाही, पावसाळ्यात होते. विकणाऱ्याकडून आकडा घेताना पावसाळ्यातलं ओलं तापमान धरूनच घ्या. इंजिन ८५-९० वर चालवायचं असेल तर ३४ चं पाणीही भरपूर गार असतं.

म्हणूनच चिलर नको. चिलर ७-१० अंशांचं पाणी देतो, आणि तुम्हाला थंड करायचंय ८५ अंशांचं पाणी. इंजिन, इंटरकूलर आणि डायनो मिळून १४५ किलोवॅट उष्णता चिलरने काढायची तर त्याचा कॉम्प्रेसरच ३५-४० किलोवॅट वीज खाईल. टॉवरचा फॅन आणि पंप मिळून त्याच्या पाव भागापेक्षाही कमी लागते.

मांडणी अशी करा. इंजिनाचं पाणी बंद सर्किटमध्ये ठेवा: इंजिन, प्लेट हीट एक्स्चेंजर, परत इंजिन. टॉवरचं पाणी एक्स्चेंजरच्या दुसऱ्या बाजूने जाईल. दोन पाणी एकमेकांत मिसळायचं नाही. काही वर्कशॉपमध्ये इंजिनाचं गरम पाणी थोडं सोडून देतात आणि नळाचं गार पाणी थेट आत घेतात. ते दिसायला सोपं आहे, पण ३० अंशांचं पाणी तापलेल्या हेडवर (सिलिंडरवरच्या झाकणावर) झटक्याने येतं, रोज नवे क्षार इंजिनात जातात आणि सर्किटला प्रेशर राहत नाही.

प्रेशरचं महत्त्व कमी समजू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर आहे, त्यामुळे उघडं पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरची ०.९ बारची कॅप नीट धरत असेल तर तेच पाणी ११८ च्या जवळ उकळतं. काटा ९५ दाखवतो तेव्हा हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीजवळ धातू त्याहून कितीतरी गरम असतो. प्रेशर नसलं की तिथे वाफेचा थर धरतो, पाणी धातूला शिवत नाही आणि उष्णता तिथेच अडकते. तुमची कॅप कधी बदलली होती? जुन्या कॅपचं रबर कडक झालेलं असतं. मोठ्या खरेदीआधी ती बदलून बघा.

पाण्याचा हिशोब करू. पाण्याचा एक किलो एक अंश तापायला ४.१८ किलोज्यूल लागतात. इंजिनात जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात ६ अंश फरक ठेवायचा तर ६० किलोवॅटला मिनिटाला १४०-१४५ लिटर प्रवाह हवा. टॉवरच्या बाजूला १५ अंश फरक चालतो, तिथे ५५-६० लिटर पुरतात. डायनोला मी ५०-६० लिटर देतो. त्यामुळे एक्स्चेंजर इंजिनाला चिकटून ठेवा आणि टॉवरचं पाणी लांबून आणा. उलट केलंत तर इंजिनाच्या पंपाला दहा-बारा मीटर पाइपातून पाणी ढकलावं लागतं. तो पंप त्यासाठी बनलेला नाही. इंजिनाच्या आउटलेटपेक्षा बारीक पाइप कुठेही वापरू नका. सक्शनचा होज जाड घ्या, मऊ असेल तर वरच्या आरपीएमला तो चपटा होतो.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकावा का, असं पुढे नक्की विचाराल. बऱ्याच डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपासचं तोंडही बंद करतो. तो नुसता काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि अर्धं पाणी थंड न होताच इंजिनात परत जातं. काढायचाच असेल तर बायपास प्लगने बंद करा आणि तापमान बाहेरच्या व्हॉल्व्हने सांभाळा. मी टॉवरच्या पाण्यावर मोटराइज्ड व्हॉल्व्ह लावतो आणि त्याचा सेन्सर इंजिनाच्या आउटलेटला अगदी लागून ठेवतो. सेन्सर दोन मीटर लांब गेला की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, उशिरा बंद होतो आणि तापमान ७५ ते ९५ असं झोके घेत राहतं. त्यात पॉवरचे आकडेही हलतात. मग एकाच इंजिनाचे दोन रन जुळत नाहीत आणि दोष इंजेक्शन पंपावर जातो.

हवा काढणं हे अर्धं काम आहे. सर्किट लांबलं की उंच कोपऱ्यात हवा अडकते. प्रत्येक उंच जागेवरून बारीक नळी हेडर टँकला न्या आणि हेडर टँकचं तळाचं पाणी पंपाच्या सक्शनला द्या. हेडर टँक संपूर्ण सर्किटच्या वर हवा. त्याला काचेची नळी लावा. फुल लोडवर पाचव्या मिनिटानंतरही त्यात बुडबुडे येत राहिले तर ती अडकलेली हवा नसून हेड गॅस्केटमधून येणारा गॅस असू शकतो. ओव्हरहॉल केलेल्या इंजिनात हे तपासलंच पाहिजे.

सर्किटमध्ये काय भरायचं? नागपुरात पाणी गोठायचं भय नाही. अर्धं ग्लायकॉल घातलं तर त्याची उष्णता वाहायची ताकद साध्या पाण्यापेक्षा कमी होते. मी सॉफ्ट केलेलं किंवा आरओचं पाणी घेतो आणि त्यात इंजिन कंपनी सांगते तेवढं इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घालतो. ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं अशा, डिझेलला हे सोडून चालत नाही, नाहीतर लायनरच्या बाहेरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखी भोकं पडायला लागतात. बोअरचं पाणी इंजिनात कधीच घालू नका.

टॉवरलाही बोअरचं पाणी जपून द्या. १४५ किलोवॅट सतत टाकायचे तर तासाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी बाष्प होऊन जातं. क्षार मात्र मागे राहतात, म्हणून काही पाणी मुद्दाम सोडावं लागतं. एकूण तासाला तीनशे लिटर धरा. रोज दोन-तीन तास फुल लोड असेल तर हजार लिटरच्या आत काम होतं. टँकरवर असाल तर हा आकडा आधी लक्षात घ्या. एक्स्चेंजरच्या आधी गाळणी हवीच. एप्रिल-मे मध्ये धूळ आणि सावरीचा कापूस उडून टॉवरच्या टाकीत पडतो आणि प्लेटांच्या फटीत जाऊन बसतो.

हे सगळं तुमच्या रनवर अवलंबून आहे. तुम्ही अर्ध्या तासाचे रन घेता म्हणून टॉवर सांगतोय. कोणी फक्त पॉवर कर्व्ह काढत असेल, मिनिटभर लोड आणि दहा मिनिटं विश्रांती, तर त्याला टॉवर लागतही नाही. ५,००० लिटरची जमिनीखालची टाकी १० अंश तापेपर्यंत ५८ युनिट उष्णता पोटात घेते. म्हणजे तुमचा पूर्ण भार ती चोवीस-पंचवीस मिनिटं एकटीने झेलेल, मग तिला निवायला वेळ द्यावा लागेल.

आता मोजमापाबद्दल. एक प्रसंग सांगतो, कारण त्यानंतर माझी काम करायची पद्धत बदलली. मे महिना होता, दुपारचे अडीच. लांबचा रन चालू होता, काटा ९६-९७ वर होता. अचानक तो झरझर खाली आला: ९०, ८४, ७८. सोबतचा पोरगा खुश होऊन म्हणाला, "सर, उतरलं टेम्परेचर!" मी खाली वाकून पाहिलं तर खालचा होज क्लिपमधून निसटला होता आणि फरशीवर पाणी वाफाळत पसरलं होतं. सेन्सर पाण्यात नव्हताच, तो रिकाम्या पाइपात लटकत होता. इंजिन बंद करेपर्यंत अर्धं मिनिट गेलं असेल. हेड उघडलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हमधल्या पट्टीवर केसाएवढी चीर होती. नख फिरवलं की अडकायचं. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याच बेडवर एकट्या पाण्याच्या सेन्सरवर इंजिन चालत नाही. हेडच्या धातूत एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार), हेडर टँकमध्ये लेव्हल स्विच आणि डायनोच्या पाण्यावर फ्लो स्विच. तिघांपैकी एकही बोलला की लोड आपोआप जातो आणि इंधन बंद होतं. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर सेन्सर सदोष निघाला, हे आपल्याला सगळ्यांना आठवतं. तिथे चुकीचा आकडा वर गेला म्हणून लोकांनी शंका घेतली. टेस्ट बेडवर तो खाली जातो तेव्हा कोणी शंका घेत नाही.

म्हणून खरेदीआधी हे करा. इंजिनात जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यावर एकेक थर्मामीटर लावा आणि फुल लोडवर दर मिनिटाला दोन्ही आकडे लिहा. दोन्ही बरोबरीने चढत असतील आणि फरक ६-८ अंशांवरच राहत असेल तर प्रवाह ठीक आहे, उष्णता बाहेर जात नाहीये, म्हणजे हवेचा किंवा रेडिएटरचा दोष. फरकच वाढत चालला, ८ चा १२, १२ चा १५ झाला, तर पाणी कमी फिरतंय: पंप, बेल्ट, दबलेला होज, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. अशा वेळी टॉवर बसवूनही काही फायदा होणार नाही. आणि फरक खूप कमी असूनही हेडचा थर्मोकपल चढत असेल तर आत वाफ किंवा हवा आहे.

इंजिन आत ओढते त्या हवेकडेही बघा. ४५ अंशांच्या दुपारी इथल्या हवेच्या दाबासह करेक्शन (मोजलेली ताकद ठरावीक हवामानाला आणायची दुरुस्ती) काढलं तर साध्या पेट्रोल इंजिनाला ते ८ टक्क्यांच्या वर जातं. इंजिनाची ताकद मोजायचा आयएसओ १५८५ हा नियम त्याला ७ टक्क्यांपर्यंतच मान्यता देतो. तुमच्या टर्बो डिझेलचं सूत्र वेगळं आहे, पण तिथेही मान्य हवा ४० अंशांपर्यंतचीच. गिऱ्हाइकाला लेखी आकडा द्यायचा असेल तर मे महिन्यात सकाळी सहा ते नऊ रन घ्या. नाहीतर इनटेकची हवा मोठ्या कूलरमधून घ्या. मे महिन्यात ती सहज ३० च्या खाली येते, फक्त आर्द्रता मोजून हिशोबात घ्या. जुलैत या युक्तीचा उपयोग नाही.

रन संपला की इंजिन लगेच बंद करू नका. लोड काढून तीन ते पाच मिनिटं हलकं चालू द्या. टर्बोचं बेअरिंग आणि हेड दोन्ही त्यातच वाचतात. काटा चढला म्हणून तापलेल्या ब्लॉकवर पाणी मारायचं नाही आणि कॅप उघडायची नाही, हे हाताखालच्या मुलांना आजच सांगून ठेवा.

आधी शंकू आणि डक्ट करा, कॅप बदला, मग दोन थर्मामीटरचे दहा मिनिटांचे आकडे आणि रेडिएटरच्या तोंडाशी हवेचं तापमान इथे टाका. डायनोचं पाणी किती लिटर फिरतंय आणि कुठे सोडताय तेही लिहा. माझ्या अंदाजाने ४०-४५ टनांचा (टन हे उष्णता काढायच्या क्षमतेचं माप) टॉवर लागेल, पण विकणारा टन ३.५ किलोवॅटचा धरतो की ४.४ चा ते त्याच्याकडून लेखी घ्या. तुमचे आकडे आले की एक्स्चेंजरचं माप मी काढून देतो.